बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन

पुण्याहून मुंबईस आगगाडीने जाणे ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, वाटेतील घाटाची विशेष दखल घेण्याचे कोणास कारण उरलेले नाही. खंडाळा मागे पडले म्हणजे खिडकीजवळ कोणी बसावे यावरून मुलांत थोडी ओढाताण होते, बोगदा आला की ती ओरडतात, संपला की थांबतात. वडील माणसे वर्तमानपत्रातून डोकेही वर काढीत नाहीत. या घाटातून आपल्या घराण्यांतील तीन तरी पिढ्या गेल्या आल्या. परंतु त्यांपैकी पहिल्या दोन पिढ्यांना जेथे सक्तीने थांबावे लागे, त्या जागेचे नाव तिसऱ्या पिढीच्या कानावरूनही गेलेले नसते. त्या जागेविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

खंडाळ्याच्या खाली, खोपोलीच्या दरीवर पुढे आलेल्या डोंगराच्या एका अरुंद सोंडेवर पूर्वी एक स्टेशन होते. १८६३ पासून १९२९ पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, मुंबईहून पुण्यास वा पुण्याहून मुंबईस जाणारी एकही गाडी तेथे थांबल्यावाचून पुढे गेली नाही. असे असून त्या स्टेशनास गाव नव्हते, बाजार नव्हता, की उतारूने तेथे उतरून कोठे जावे असा रस्ता नव्हता. दोन्ही बाजूंस कडे तुटलेले, आणि मध्ये रूळ मावतील एवढीच सपाटी. इतर स्टेशनांना गावांची नावे असतात. याचे नाव त्याच्या कामावरून पडले होते. त्याला म्हणत ‘रिव्हर्सिंग स्टेशन’.

हे काम काय होते ते सांगण्यापूर्वी घाटाची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. बोरघाट ही देश आणि कोकण यांना जोडणारी फार जुनी वाट. (इंग्रजांनी तिचे लेखन ‘भोरघाट’ असे रूढ केले; त्यामुळे हा घाट भोर संस्थानात असावा अशी समजूत अजून पुष्कळांची आहे, ती खरी नाही.) राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या जोड-बालेकिल्ल्यांची नजर या वाटेवर असे. पेशवाईत पुण्याचा व्याप वाढला तसा या वाटेचा राबता वाढला. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेला प्रशस्त तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ आजही त्या राबत्याची साक्ष देत उभे आहे. घाट चढण्यापूर्वी तेथे स्नानसंध्या, भोजन उरकावे आणि बैलांस पाणी दाखवावे, असा तो मुक्काम. पुढे १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्या जातील असा बांधीव रस्ता खुला केला, तेव्हा या मार्गाला नवे रूप आले.

मग आली आगगाडी. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण पुढचा दहा वर्षांचा भाग तितकासा परिचित नाही. १८५६ साली मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले. १४ जून १८५८ रोजी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला. म्हणजे घाटाच्या खाली गाडी, घाटाच्या वर गाडी, आणि मध्ये सह्याद्रीचा उभा कडा! जवळजवळ पाच वर्षे पुण्याचा उतारू खंडाळ्यास गाडीतून उतरे, पालखी, तट्टू अथवा बैलगाडी यांपैकी जे ऐपतीस झेपेल ते करी, माल्कमच्या रस्त्याने खोपोलीस येई आणि तेथे पुन्हा दुसऱ्या गाडीत बसे. एकत्र कुटुंबाचा प्रवास म्हणजे काय असतो ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. वळकट्या, ट्रंका, फराळाचे डबे, पाण्याच्या फिरक्या, एखादी बाळंतीण, एखादे आजारी म्हातारे माणूस, आणि यांतले प्रत्येक ओझे दोनदा उतरावयाचे व दोनदा चढवावयाचे. त्यात आषाढ-श्रावणातील खंडाळ्याचा पाऊस! ‘पुण्याहून मुंबईस आगगाडी जाते’ असे त्या वर्षांत कोणी म्हटले असेल, तर ते अर्धसत्यच होते.

मधला घाट रुळांनी जोडण्याचे काम मात्र कागदावर १८५८ च्या आधीच सुरू झाले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कली यांनी डोंगराची मोजणी वर्षानुवर्षे करविली. अडचण अशी. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण १,८३१ फुटांची. वाफेच्या एंजिनाला सदतीस फुटांत एक फूट यापेक्षा अधिक चढ झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा कडा जेथे सरळ आहे तेथे रूळ लांबवून, वळवून, डोंगराच्या अंगाशी घासत वर न्यावयाचे. तशी लांबी पावणेसोळा मैल भरली. तरीही वर जाता जाता अशी एक जागा आली की, पुढे सोंड संपली आणि खाली दरी! वळावे तर गाडीला लागणाऱ्या गोलाईएवढी जागा डोंगरात नाही. सरळ जावे तर आकाशात.

आमच्या वाचकांपैकी जे जुन्या वाड्यांत वाढले आहेत, त्यांस बर्कलीची युक्ती समजावयास चित्र काढून दाखविण्याचे कारण नाही. वाड्यातील अरुंद जिना भिंतीला टेकतो, तेथे हातभर रुंदीचा टप्पा असतो. त्या टप्प्यावर पाऊल टेकून आपण पाठ फिरवितो आणि उलट्या दिशेने उरलेल्या पायऱ्या चढतो. सोंडेवरचे हे स्टेशन म्हणजे घाटाच्या जिन्यातील तो टप्पा. फरक इतकाच की, माणसाला पाठ फिरविता येते, आगगाडीला येत नाही. म्हणून गाडी टोकापर्यंत यावयाची आणि थांबावयाची; पुढचे एंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या तोंडास लागावयाचे; आणि जो डबा इतका वेळ शेवटचा होता तो पहिला होऊन गाडी दुसऱ्या रुळांनी खंडाळ्याकडे निघावयाची. खालून येणारा मार्ग आणि वर जाणारा मार्ग त्या टोकाशी कात्रीच्या पात्यांप्रमाणे मिळत. उत्तरेकडे नाशिकच्या वाटेवर थळघाटातही अशीच योजना होती. पण आम्हा पुणेकरांचा संबंध या पहिल्या टप्प्याशी.

उतारूंच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा गमतीचा होत असला पाहिजे. ज्याने कर्जतपासून एंजिनाकडे तोंड करून बसण्याची जागा खटपटीने मिळविली, तो या स्टेशनानंतर आपोआप पाठमोरा होई. जो धुराच्या त्रासापासून दूर म्हणून मागच्या डब्यात शिरला, त्याच्याच डब्याच्या पुढ्यात आता एंजिन येऊन धूर सोडू लागे. पहिल्याने घाट पाहणाऱ्या आजीबाईंना गाडी परत मुंबईसच निघाली की काय अशी शंका आली असेल, तर त्यात नवल नाही.

येथवर सांगितले ते कल्पकतेचे. ही कल्पना दगडात उतरविणाऱ्यांची हकीकत इतकी सुखाची नाही, आणि या स्टेशनाचे महत्त्व आम्हांस वाटते ते मुख्यत्वे त्या हकीकतीमुळे.

कंत्राट प्रथम विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराने घेतले आणि १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल या पावणेसोळा मैलांत करावयाचे होते. दगड सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यात हाताने पहार ठोकून भोक पाडावयाचे, सुरुंग भरावयाचा आणि उडवावयाचा. जेथे उभे राहावयास पाऊलभरही जागा नाही, तेथे माणसांना कड्यावरून दोरांनी खाली सोडीत आणि अधांतरी लोंबकळत ती भोके पाडीत. पाऊस लागला की उघड्यावरचे काम बंद. म्हणजे वर्षाचे जेमतेम आठ महिने हाती. कुणबी, महार, वडार, कामाठी अशा नाना जातींची माणसे देशावरून आणि कोकणातून मुकादमांच्या मार्फत येत. पुरुष सुरुंगाला, आणि बायका व मुले मातीच्या पाट्यांना. झोपड्या उतारावर, पाणी मिळेल तेथले. कामाचा जोर सर्वांत अधिक होता त्या १८६१ साली या एकट्या घाटात बेचाळीस हजार माणसे राबत होती. त्या काळच्या एखाद्या मोठ्या शहराची वस्ती उचलून कड्यावर आणून बसविल्यासारखे ते होते. परंतु शहरात वैद्य असतो, विहीर असते, देऊळ असते.

१८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. कारण साधे होते : मजुरी थकली होती. दंग्यात एक युरोपियन मारला गेला. पुढे चौकशी होऊन मजुरांची थकबाकी खरी असल्याचे उघडकीस आले. आणि सरकारास पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६० साली, अशा सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या वेतनविषयक तंट्यांसाठी एक कायदा करावा लागला. हिंदुस्थानात मजुरांच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभ करतात. आमच्या मते त्यांनी एक पान मागे, बोरघाटापर्यंत, जावयास हरकत नाही.

त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा गृहस्थ विलायतेहून आला. १८५९ च्या सप्टेंबरात तो पत्नीसह मुंबईस उतरला, आणि महिना पुरा होण्यापूर्वीच मरण पावला. परक्या मुलखात, जहाजाचा शीण अद्याप गेला नसेल अशा स्थितीत, त्याची पत्नी ॲलिस विधवा झाली. पुढच्या बोटीने ती स्वदेशी परतली असती तर कोणी तिला नाव ठेवले नसते. परंतु तिने कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउसर या दोन अनुभवी एंजिनिअरांना तिने आपल्या वतीने कामावर नेमले, आणि हिंदुस्थानातील त्या काळचे सर्वांत अवघड बांधकाम तिच्या नावावर तडीस गेले. कामाची जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांचा संग्रहही तिच्याच नावाने जपलेला आहे. त्यांत अर्धवट उभ्या कमानी, परांच्या आणि त्यांखाली मुंगीएवढी दिसणारी माणसे आहेत.

येथे थोडे थांबावेसे वाटते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली, म्हणजे घाटाचे काम सुरू झाले त्याच वर्षी झाला. कायद्याने पुण्यातील माजघरे बदलली नव्हती. ज्या दिवसांत ॲलिस ट्रेडवेल लाखो रुपयांच्या करारावर सही करीत होती, त्याच दिवसांत तेथून चाळीस मैलांवर आपल्याच घराण्यांतील तिच्या वयाच्या विधवा केशवपन करून, आलवण नेसून, एकवेळच्या जेवणावर सोवळ्यातला स्वयंपाक सांभाळीत होत्या. ही तुलना कोणास अप्रिय वाटली तरी ती टाळणे आम्हांस बरे वाटत नाही. मात्र दुसरी तुलनाही तितकीच खरी. १८५९-६० च्या सुमारास घाटातील वस्तीत पटकीची साथ आली आणि तिने मजुरांचे फार मोठे बळी घेतले. म्हणजे त्या वर्षी बोरघाटात विधवा झालेली ॲलिस ही एकटी स्त्री नव्हती. इतरांच्या हाती नवऱ्यामागे कंत्राट राहिले नाही. राहिली ती मातीची पाटी.

बर्कली यांस आपले काम पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे ते विलायतेस गेले आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आतच वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग सुरू झाला आणि मुंबई व पुणे यांमधील तुटलेला दुवा सांधला गेला. चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, घाटातील एक मोठा कमानी पूल पावसाळ्यात ढासळला व तो पुन्हा बांधावा लागला. सह्याद्रीने आपले म्हणणे एकदा ऐकविले, असे म्हणावे.

या सुमारानंतर पुण्याच्या सार्वजनिक आयुष्यातील जे जे म्हणून मोठे, ते सर्व या स्टेशनावर कधी ना कधी थांबलेले आहे. रानडे, टिळक, आगरकर, गोखले यांच्या मुंबईच्या किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद कोण करील? त्या प्रत्येक फेरीत एंजिन या सोंडेवर सुटून दुसऱ्या बाजूस लागले. १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरावयाचे ठरले होते. शहरात पटकी उद्भवल्यामुळे ते ऐनवेळी मुंबईस हलविण्यात आले, आणि पुणेकर यजमानांना पाहुणे होऊन घाट उतरावा लागला. नाटक मंडळ्यांचे पडदे आणि पेट्या याच मार्गाने गेल्या. कोकणात मूळ घर असलेले पुष्कळ पुणेकर आधी आगगाडीने मुंबई आणि तेथून आगबोटीने रत्नागिरी, असा वळसा घेऊन कुलस्वामीच्या दर्शनास जात. त्यांनाही हा टप्पा चुकला नाही. माहेरी चाललेल्या सासुरवाशिणीला घाट उतरताना काय वाटत असेल आणि चढताना काय वाटत असेल, ते स्टेशनाला ठाऊक. दोन्ही वेळी गाडी थांबून उलटी होई खरी.

गाडी उलटी करण्यात केवळ वेळ जाई असे नाही, त्यात धोकाही होता. सोंडेच्या टोकाला रूळ संपत. गाडीचा वेग तेथे ताब्यात नसेल तर पुढे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. याकरिता, विशेषतः उतरणाऱ्या गाड्यांसाठी, घाटात ठिकठिकाणी बाजूस चढावर जाणारे आंधळे रूळ घातलेले असत. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. युक्ती अशी की, सांधा नेहमी त्या चढाच्या रुळाकडेच लावून ठेवलेला असावयाचा. उतरणाऱ्या गाडीने सांध्यापूर्वी पूर्ण थांबावे, गाडी आपल्या ताब्यात आहे अशी खूण शिटीने द्यावी, मग सांधेवाल्याने मुख्य मार्ग मोकळा करावा. जी गाडी थांबली नाही ती आपोआप चढाच्या रुळावर जाऊन वेग हरवून बसेल. विश्वास ठेवण्याआधी परीक्षा पाहण्याची ही पद्धत इतकी पक्की ठरली की, घाटात ती पुढेही टिकून राहिली आहे. घाट उतरताना गाडी मध्येच का थांबते, असे मुलांनी विचारल्यास हे उत्तर द्यावे.

मुंबईचा व्यापार वाढला, गाड्या लांब झाल्या, आणि सोंडेवरची सपाटी मात्र होती तेवढीच राहिली. जेवढी गाडी त्या टप्प्यावर मावेल तेवढीच घाटातून नेता येई. शिवाय प्रत्येक गाडीमागे एंजिन सोडण्या-जोडण्याचा खोळंबा. वाफेच्या जागी वीज आणण्याचे ठरले तेव्हा या टप्प्याचाही निकाल लागला. नवे बोगदे खोदून सोंडेला वळसा न घालता मार्ग खंडाळ्याकडे काढण्यात आला, आणि १९२९ साली कल्याण-पुणे मार्ग विजेवर चालू लागला. विजेची ती पहिली मालवाहू एंजिने स्वित्झर्लंडच्या धर्तीची, पुढे-मागे लांब नाके असलेली. विलायतेत त्यांना मगर म्हणत, आमच्याकडच्या रेल्वेतील लोकांनी त्यांचे बारसे ‘खेकडा’ असे केले. आमच्या मते इकडचे नाव अधिक समर्पक आहे, कारण कड्याला धरून चढणे हे मगरीचे काम नव्हे. घाट उतरताना ही एंजिने ब्रेक लावण्याऐवजी वीज उत्पन्न करून तारेत परत सोडीत. ज्या उताराच्या भीतीने साठ वर्षांपूर्वी आंधळे रूळ घालावे लागले, तोच उतार आता थोडेफार उत्पन्न देऊ लागला. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. ती पावणेतीन तासांत मुंबईहून पुण्यास येई. रिव्हर्सिंग स्टेशनाशी तिची गाठ कधीच पडली नाही.

स्टेशन बंद झाले ते असे, काही गाजावाजा न होता. रूळ उखडून नेण्यात आले. गाव नसल्यामुळे गाऱ्हाणे करावयास कोणी नव्हते.

त्यानंतर जागेची ओळखच बदलली. जुना रेल्वेमार्ग जेथे मुंबई-पुणे रस्त्यावरून ओलांडून जाई, तेथील कमानी पुलाजवळ अमृतांजन या वेदनाशामक मलमाची मोठी जाहिरात लागली, आणि लोक त्या ठिकाणास ‘अमृतांजन पॉइंट’ म्हणू लागले. अमृतांजनाचा कारखाना काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत काढला. म्हणजे मलम घाटमार्गाहून तीस वर्षांनी लहान; पण नाव त्याचे राहिले आणि स्टेशनाचे गेले! २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तोही याच पुलाखालून. पुलाचे खांब रस्त्यात येत, वाहनांची कोंडी होई, अपघात होत. अखेर ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे रस्ता ओस असल्याची संधी साधून, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो सुरुंगांनी पाडला. वर्तमानपत्रांनी तेव्हा पुलाचे वय एकशे नव्वद वर्षे सांगितले, म्हणजे तो माल्कमच्या रस्त्याबरोबरचा मानला. रेल्वेच्या जुन्या मार्गांचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे मात्र तो रिव्हर्सिंग स्टेशनाचाच पूल असे आहे, आणि रस्ता त्याच्या कमानींखालून जात होता एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी आम्हांस हेच म्हणणे पटते. रस्त्यासाठी बांधलेल्या पुलाखालून तोच रस्ता कसा जाईल? पूल पाडावयास नको होता असे आम्ही म्हणत नाही. माणसांचे जीव दगडापेक्षा मोलाचे. पण मृताचे नाव आणि वय दोन्ही चुकीचे लिहून त्याला निरोप द्यावा, हे ठीक झाले नाही.

आम्ही ही जागा पाहण्यास गेलो ते पावसाळा संपून कारवीची पाने वाळू लागली होती अशा दिवसांत. द्रुतगती मार्गावर वाहन थांबविणे नियमाविरुद्ध आणि जिवावरचे. म्हणून जुन्या रस्त्यानेच जावे. सोंडेवरची सपाटी आजही सपाटी म्हणून ओळखू येते, कारण सह्याद्री स्वतः होऊन इतकी सरळ जमीन कोठेच ठेवीत नाही. काळ्या दगडाचे घडीव चिरे झाडोऱ्यात दडलेले आहेत. दरीच्या पलीकडे नागफणीचा सुळका, खाली खोपोली; रस्त्यावरील वाहनांचा घोष अखंड वर येत असतो. जागा कसली आहे हे सांगणारी पाटी आम्हांस तेथे दिसली नाही.

आठवण जपली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. मालमोटारींचे चालक तेथे वेग कमी करतात, नाणे टाकतात आणि मग घाट उतरतात. लोक कथा सांगतात ती अशी : साहेबाला घाटातून वाट सापडेना, शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या गुराढोरांची वाट त्यास दाखविली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. धनगर म्हणाला, माझा देश मोकळा कर. साहेबाने त्याला गोळी घातली. इतिहासाच्या कसोटीस ही दंतकथा उतरणार नाही. माल्कमचा रस्ता रेल्वेच्या आधी पंचवीस वर्षे तेथे होता, आणि बर्कलीचा मार्ग साखळी-दुर्बिणीच्या मोजणीने ठरला. परंतु बर्कली, फॅविएल, ट्रेडवेल पती-पत्नी, ॲडमसन, क्लाउसर अशी इंग्रजांची नावे सरकारी दप्तरांत एकेक करून नोंदली गेली, आणि बेचाळीस हजारांचा तेथे केवळ आकडा आला, तेव्हा लोकांनी आपल्या बाजूचे एक नाव उभे करून त्याला शेंदूर लावला, यात आम्हांस काही गैर दिसत नाही. मजुरी बुडाली आणि जीव गेला, एवढा त्या कथेचा गाभा १८५९ च्या जानेवारीत खराच घडला होता.

शेवटी वाचकांस एक विनंती. एंजिनिअरांनी या स्टेशनाचे वर्णन पुष्कळ केले आहे. उतारूंनी केलेले वर्णन मात्र क्वचित वाचावयास मिळते. ज्या घरांत पणजोबांच्या रोजनिशा, मुंबईस शिकावयास राहिलेल्या मुलांची वडिलांस लिहिलेली पत्रे, अथवा एखाद्या आजीने टिपून ठेवलेल्या यात्रेच्या आठवणी पेटाऱ्यात जपून ठेवल्या असतील, त्यांनी १९२९ पूर्वीची पाने एकवार चाळावीत. ‘एंजिन दुसरीकडे लावले’, ‘गाडी पाठीमागे चालली’ असे एखादे वाक्य, कदाचित मोडीत, कदाचित पैशांच्या हिशेबाच्या ओळीखाली, तेथे असावयाचा संभव आहे. सापडल्यास त्याची नक्कल करून ठेवावी, आणि तारीख अवश्य लिहावी.